स्टीअरिंगच्या शाफ्टला वेल्डिंग नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की कोकणातल्या गॅरेजांत जुन्या जीपगाड्यांची रांग लागते. ब्रेक, वायपर, छताचे गळणे एवढे पाहून गाडी बाहेर पडते. स्टीअरिंगमधला प्ले (चाके वळण्याआधी व्हील जेवढे रिकामे फिरते तो ढिलेपणा) मात्र ‘जुनी गाडी म्हटल्यावर असायचाच’ म्हणून तसाच राहतो, नाहीतर स्टीअरिंग व्हीलला खालच्या बॉक्सशी जोडणाऱ्या झिजलेल्या शाफ्टवर वेल्डिंगचे दोन टाके मारून तो ‘काढला’ जातो. या दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहिणे भाग आहे, कारण एमएम ५४०, मेजर, जिप्सी अशा गाड्या आंबोली, कुंभार्ली, फोंडा घाटांत अजूनही माणसे आणि आंब्याच्या पेट्या वाहत आहेत.

स्टीअरिंग बॉक्स (व्हीलचे फिरणे चाकांकडे नेणारी गिअरची पेटी) चासीला बसवलेला असतो आणि कॉलम (व्हीलखालचा दांडा व त्याची नळी) बॉडीला. बॉडी रबरी माउंटवर असल्याने खाचखळग्यांत ही दोन टोके एकमेकांपासून थोडी सरकतात. ती हालचाल सामावून घेण्यासाठी मधल्या शाफ्टला खाचांचा सरकता जोड आणि टोकांना क्रॉस (कोनात फिरू देणारे सांधे) दिलेले असतात. जोड वेल्ड केला की प्रत्येक दणका थेट बॉक्समधल्या वर्मच्या (स्क्रूसारख्या दांड्याच्या) बेअरिंगला आणि कॉलमच्या ब्रॅकेटला बसतो. शिवाय वेल्डिंगच्या कडेचे पोलाद ठिसूळ होते आणि तिथे पडलेली केसाएवढी चीर ग्रीस-मातीखाली दिसत नाही. क्रॉसजवळ वेल्डिंग केले तर आतले ग्रीस जळते आणि निडल (बेअरिंगमधले सुईसारखे बारीक रोलर) कोरड्या पडतात. समोरून धडक बसल्यावर आत सरकायचा शाफ्ट सरळ चालकाच्या छातीकडे येतो, तो धोका वेगळाच.

प्ले नक्की कुठे आहे हे शोधायला दोन माणसे लागतात. चाके सरळ, गाडी जमिनीवर, साधे स्टीअरिंग असेल तर इंजिन बंद. एकाने व्हील डावी-उजवीकडे थोडेथोडे हलवावे, दुसऱ्याने बॉनेटखाली प्रत्येक जोडावर आळीपाळीने हात ठेवावा. वरची बाजू फिरते आणि खालची थांबून मग फिरते, तो जोड झिजलेला. खाचांच्या तोंडाशी गेरूसारखी तांबडी भुकटी दिसली तर लोखंडावर लोखंड घासत आहे. आपल्याकडे जांभ्याची धूळही तशीच दिसते, म्हणून आधी पुसावे आणि दिवसभर गाडी चालवून पुन्हा पाहावे. शाफ्ट, बॉक्स, मग चाकांकडे जाणारे दुवे म्हणजे ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, टाय रॉड एंड हा क्रम सोडू नये, नाहीतर निम्मे पैसे चुकीच्या भागावर जातात.

किनाऱ्यालगतच्या गाड्यांत एक जागा हमखास सुटते. खाऱ्या हवेने आणि पायाशी साचणाऱ्या पाण्याने केबिनचा पुढचा पत्रा सडतो आणि कॉलमचे ब्रॅकेट त्या सडक्या पत्र्यावर डुलत राहते. अशा गाडीत नवा क्रॉस घातला तरी प्ले जात नाही. व्हील धरून वर-खाली ढकलावे. कॉलमच हलत असेल तर आधी पत्र्याचे काम, मग शाफ्टचे. (वेल्डिंग करायची हौस इथे भागवावी.) फक्त व्हील हलत असेल तर वरचा बुश किंवा बेअरिंग बदलले की भागते.

शाफ्ट काढताना व्हील दोरीने सीटला बांधून ठेवावे आणि दोन्ही टोकांवर व सरकत्या जोडावर रंगाची खूण करावी. जोड शाफ्टवर आवळणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट शाफ्टला कापलेल्या खाचेतून जातो, त्यामुळे तो नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. गंजला असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. जोड हातोड्याने ठोकून उतरवला की वर्मच्या बेअरिंगवर ठसे उमटतात.

सर्कलिप (कप जागेवर अडवणारी स्प्रिंगची कडी) असलेला क्रॉस बदलता येतो. क्रॉसच्या टोकांवरचे कप वायसमध्ये सॉकेटच्या आधाराने दाबून काढावेत. नवा कप योकच्या (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्याच्या) भोकात हाताने सहज जात असेल तर योकही संपला. भोकाच्या कडेला पंच मारून कप ‘घट्ट’ करणे ही फसवणूकच. नवे कप बसवताना सर्कलिप खाचेत जात नसेल तर एखादी निडल आडवी पडलेली असते. ठोकू नये, कप काढून ग्रीसमध्ये निडल पुन्हा उभ्या लावाव्यात. खाचांमध्ये फिरता प्ले असेल तर शाफ्टचे दोन्ही अर्धे एकत्र बदलावेत. भंगारातला शाफ्ट घेताना लांबी आणि खाचांची संख्या दोन्ही मोजावी. जोडताना दोन्ही आतले योक एका रेषेत हवेत. एक दात इकडे-तिकडे झाला तर व्हील एका फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलके लागते. बोल्ट मूळ मापाचा आणि मूळ प्रतीचाच हवा. ८ मिमी, ८.८ प्रतीचा असेल तर साधारण २५ न्यूटन-मीटर पुरते.

जुन्या विलीज घडणीच्या जीपमध्ये व्हीलपासून बॉक्सपर्यंत एकच लांब दांडा असतो, मध्ये जोड नाही. तिथला प्ले बॉक्समधला. ड्रॅग लिंक सोडवून आधी शिम (झाकणाखालच्या पातळ चकत्या) कमी करून वर्मची बेअरिंग नेमकी करावीत आणि मगच बाजूच्या झाकणाचा स्क्रू आवळावा, तोही चाके सरळ असण्याच्या स्थितीतच. वळणाच्या स्थितीत आवळला तर सरळ रस्त्यावर स्टीअरिंग जाम होते. वळणानंतर व्हील आपोआप परत येत नसेल तर जास्त आवळले गेले आहे.

हर्णैसारख्या ठिकाणी गाडी पुळणीवर नेल्यावर गोड्या पाण्याने धुवावी, पण प्रेशरचा फवारा क्रॉसवर मारू नये. सीलमधून पाणी आत शिरते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ प्रमाणे व्हीलवरचा प्ले ३० अंशांपर्यंत चालतो. ४० सेंटीमीटरच्या व्हीलवर हे कडेला सुमारे १० सेंटीमीटर होतात. घाटासाठी ही सूट फार झाली, अडीच-तीन सेंटीमीटरच्या वर गेले की शोध सुरू करावा. त्याच नियमात बॉल जॉइंटना रबरी टोप्या आणि बोल्ट-पिनांना पक्के लॉक असावे, असेही आहे. पासिंगच्या वेळी तपासनिसाने व्हील हलवून पाहण्याबरोबर बॉनेट उघडून शाफ्टवर बॅटरीचा झोत मारावा. वेल्डिंगचा टाका दिसला की शाफ्ट बदलल्याशिवाय गाडी पास करू नये, ही विनंती.

कळावे,
एक वाचक, लांजा (जि. रत्नागिरी)