पास कोणी दिला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वेन ग्रेट्झकीचा सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडणाऱ्या अलेक्झांडर ओवेच्किनला कालच्या क्रीडा पानावर फोटोसकट तीन रकाने दिलेत, त्याबद्दल आभार. ऐन आयपीएलमध्ये बर्फावरच्या हॉकीला एवढी जागा! मी चष्मा पुसून पुन्हा बघितले. नसता पुसला तर बरे झाले असते.

‘ग्रेट्झकीचे २८५७ गोल’ हे कुठून आणले? वरच्या चौकटीत ८९४ आणि खाली मजकुरात २८५७. अहो, २८५७ हे त्याचे गुण. गोल ८९४, असिस्ट (म्हणजे गोलाआधी दिलेले पास) १९६३. बेरीज करून पाहावी. त्याचे २८५७ गोल असते, तर ओवेच्किनने ८९५वा मारून मोडले काय, हे आपल्या उपसंपादकांना विचारावेसे वाटले नाही?

पण ती चूक एक वेळ सोडून देतो. तीन रकान्यांत असिस्ट हा शब्द एकदाही नाही, ते मात्र सोडवत नाही. माझी मुलगी कॅनडात एडमंटनला असते. तिथे दोन हिवाळे काढले तेव्हा शेजारच्या शाळकरी पोरांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती हीच, की गोल करणाऱ्याला एक गुण आणि त्याआधी चकती पुढे सरकवणाऱ्या जास्तीत जास्त दोघांनाही एकेक गुण. तिघांची किंमत सारखी. रामनवमीच्या रात्री आपण झोपायच्या तयारीत होतो तेव्हा तिकडे ओवेच्किनच्या विक्रमी गोलासाठी टॉम विल्सनने पास दिला, त्याच्या आधी चिक्रनने. त्या गोलापुढे ही दोन्ही नावे लागली आहेत. आपण छापलेत कोणाचे? गोलरक्षक सोरोकिनचे! ज्याला अडवता आले नाही त्याचे नाव आहे, ज्यांनी दिले त्यांचे नाही. त्याचा जुना सहकारी निकलस बॅकस्ट्रॉम तर आपल्या गावीच नाही. ओवेच्किनच्या २७९ गोलांवर त्याच्या पासची नोंद आहे. आणि ग्रेट्झकीचे सगळे गोल खोडून टाकले तरी उरलेले १९६३ असिस्ट हे गुणांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावरच्या यागरच्या गोल-असिस्ट मिळून १९२१ गुणांपेक्षा जास्तच. तो गुणांचा विक्रम जिथल्या तिथे आहे. ‘ग्रेट्झकी इतिहासजमा’ हे शीर्षक कोणी दिले? ग्रेट्झकीचे ८९४ गोल एकूण १४८७ सामन्यांतले आणि ओवेच्किनचा ८९५वा गोलही बरोबर त्याच्या १४८७व्या सामन्यातला, ही गंमत एका ओळीत मावली असती.

एवढा का चिडलो, तेही सांगतो. १९७१ साली खडकीत आंतरशालेय हॉकीच्या अंतिम सामन्यात मी राइट-इन होतो. आम्ही ३-० जिंकलो. तिन्ही गोल आमच्या सेंटर फॉरवर्डचे, तिन्ही पास माझे. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात (आपले नव्हे, घाबरू नका) चार ओळी आल्या. त्याचे नाव दोनदा, प्रशिक्षकांचे एकदा, बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांचे पदव्यांसह. वडिलांनी बातमी दोनदा वाचली आणि विचारले, “तू होतास ना रे मैदानात?” ते कात्रण सेंटर फॉरवर्डच्या दिवाणखान्यात अजून फ्रेममध्ये आहे. आमची मैत्री टिकून आहे, पण तिथे गेलो की मी मुद्दाम भिंतीकडे पाठ करून बसतो. म्हणतो, पाठीला वारा लागतो.

चूकदुरुस्ती छापणार असाल तर ती राशिभविष्याच्या खाली, मुंगीच्या अक्षरांत नको. तिथे फक्त मीच वाचतो.

आपला,
एक जुना वाचक, खडकी

ता. क. – सोमवारच्या शब्दकोड्याचे उत्तर मंगळवारी, असे आपणच छापता. काल ते नव्हते. बहुधा त्याच तीन रकान्यांत गेले. माझा १४ उभा अडला आहे.