जुनं कार्ड 1 ऑगस्टपासून चालणार नाही

पुणे, 26 जुलै 2020

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर बाबा "बरं, बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून लिहून पाठवतेय. 31 जुलैला माझी नोकरी संपतेय हे तुम्हाला माहीत आहेच. त्याच दिवशी कंपनीचा मेडिक्लेमही संपतो आणि त्यात तुम्ही दोघं आहात. घाबरू नका. तुमच्या नावाने स्वतंत्र पॉलिसी झाली आहे, पैसेही भरलेत. पैशांचं आधी विचारलं असतं तर बाबा नकोच म्हणाले असते, म्हणून आधी भरले आणि आता सांगतेय.

बाबा, तुम्ही म्हणणार, "दुसरी नोकरी लागली की बघू." पण नव्या ठिकाणी आईवडिलांचं कव्हर मिळेलच असं नाही, खर्च कापायचा झाला की बरेचदा तेच आधी जातं. मध्ये खंड पडला तर तुमचं बीपी, शुगर आणि अँजिओप्लास्टीसाठी नव्या पॉलिसीत पुन्हा 48 महिने थांबावं लागेल. शिवाय मी घेतलेल्या पॉलिसीत नव्याने 65 वर्षांपर्यंतच घेतात, आणि दिवाळीनंतर तुम्ही 66 चे होताय. कंपनीच्या मेडिक्लेमसारख्या गटाच्या पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. त्याला मायग्रेशन म्हणतात. कंपनीच्या पॉलिसीतली आधीची चार वर्षं त्यात धरली जातात. दुसऱ्या विमा कंपनीत थेट जाता येत नाही, वर्षभराने जाता येईल. तेव्हा स्वस्त कुठली हे तुम्हीच शोधा, तुम्हाला ते आवडतं.

पॉलिसी 'आरोग्य संजीवनी', दोघांना 5-5 लाखांची. जुनं कव्हर 3 लाखांचं होतं, म्हणून चार वर्षांचा फायदा 3 लाखांनाच. वरच्या 2 लाखांतून जुन्या आजारांना आणि आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनला 48 महिने काही मिळणार नाही. मोतीबिंदू, हर्नियासारख्या काही ठरावीक आजारांना त्यातून 24 महिने नाही. बाकी आजारांना पहिल्या 30 दिवसांनंतर 5 पूर्ण. फॉर्ममध्ये सगळं लिहिलंय, दोन्ही स्टेंटसुद्धा. विमा कंपनीच्या डॉक्टरांनी फोनवर विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "तसा काही त्रास नाही." मी तिथेच दुरुस्त करून घेतलं. लपवलेलं नेमकं क्लेमच्या वेळी निघतं आणि क्लेम नाकारतात.

आता खोलीचं. रोजचं भाडं 5 हजारांपर्यंत, आयसीयू 10 हजारांपर्यंत. मिरजेला दादाने हट्टाने डीलक्स रूम घेतली तसं आता नको. 8 हजारांची खोली घेतली तर फक्त वरचे 3 हजार आपले, असं नसतं. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर हे सगळंच त्या प्रमाणात कापतात; 80 हजार झाले तर 50 हजारच धरतात. औषधांना ही कात्री नाही. दाखल होताना "पाच हजारांच्या आतली खोली" एवढं तोंडाने म्हणायचं. रिकामी नसेल तर मला फोन करा, आपणहून सही करू नका.

मंजूर बिलातले 5 टक्के आपण भरायचे, म्हणजे लाखाला 5 हजार. त्यासाठी तुमच्या जॉइंट खात्यात 40 हजार टाकलेत. ते किराण्याला नाहीत, कोणाला उसने द्यायलाही नाहीत, बाबा. आई, मोतीबिंदूला एका डोळ्याला जास्तीत जास्त 40 हजार मिळतात. महागडी लेन्स सुचवली तर आधी मला सांग.

नीट ठरवून ऑपरेशन असेल तर 48 तास आधी कळवायचं, अचानक नेलं तर 24 तासांच्या आत. मिरज-सांगलीतल्या कॅशलेस हॉस्पिटलांची यादी सोबत आहे. कॅशलेस झालं नाही तर मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड आणि रिपोर्ट 30 दिवसांत पाठवायचे. औषधाच्या दुकानातल्या चिठ्ठ्या बाबा चुरगाळून खिशात ठेवतात, त्या इस्त्री करून कोण जोडणार?

करोनासाठी दाखल झालात तरी ही पॉलिसी चालते. तरीही साडेनऊ महिन्यांचं 'कोरोना कवच' वेगळं घेतलंय, कारण पीपीई किट, मास्क, ग्लोव्ह्ज यांचे पैसे एरवी आपल्यावर पडतात. घरी राहून उपचार घेतले तरी 14 दिवसांपर्यंतचा खर्च त्यात आहे. पहिले 15 दिवस ते लागू नाही, म्हणून ऑगस्टच्या मध्यापर्यंत बाजार बंद म्हणजे बंद. आणि सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत यंदा पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही घेतलंय, वर्षाला कुटुंबामागे दीड लाख. रेशनकार्ड फोल्डरमध्येच ठेवा. योजनेच्या हॉस्पिटलात मदतीला योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, बसतो, त्याला दाखवायचं.

या पैशांसाठी मी माझी एफडी मोडली म्हणून हळहळू नका. तुमच्यासाठी भरलेल्या प्रीमियमवर आयकरात 80डी कलमाखाली 50 हजारांपर्यंत वजावट मिळते, आणि पाच महिन्यांचा खर्च निघेल एवढं माझ्याकडे आहे. मी व्यवस्थित जेवते. आई, तांदूळ पाठवू नकोस, मागचेच पोतंभर आहेत. तुमच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला घरी येतील, दुकानदाराशी बोललेय. पेपर बंद करू नका आणि मावशींचा पगारही कापू नका.

बाबा, माझ्या वह्यांवर ज्या अक्षरात नाव घालायचात ना, त्याच अक्षरात दोन्ही पॉलिसी नंबर एका पुठ्ठ्यावर लिहा आणि देवघराच्या कपाटाला आतून चिकटवा. जुनी ई-कार्डं फेकू नका, चार वर्षांचा पुरावा तोच आहे. माझा कंपनीचा ईमेल बंद होणार, म्हणून आता सगळे मेसेज दादाच्या आणि तुमच्या नंबरवर येतील. न वाचता पुसू नका. आई, तुझा वाढदिवस दिवाळीतला असला तरी आधारवर शाळेतली 1 जूनच आहे, म्हणून पॉलिसीवरही तीच टाकलीय. कोणी विचारलं तर 1 जूनच सांग, तिथे खरी तारीख आणि तिची गोष्ट सांगत बसू नकोस.

छापील पॉलिसी आली की नावं, जन्मतारखा आणि आजारांची यादी त्याच दिवशी तपासा. चूक असेल तर मिळाल्यापासून 15 दिवसांत पॉलिसी परतही करता येते, पण त्याआधी मला फोटो पाठवा. फोटो उजेडात काढा.

तुमची,
ताई