गच्चीवर वीस क्रेट, पन्नास नकोत

दादर, २२ सप्टेंबर

ती. आई व ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, पन्नास क्रेट चाइव्ह्ज (कांद्या-लसणाच्या जातीची हिरवी पात) लावायचा तुमचा बेत आईने फोनवर सांगितला. माझं म्हणणं, वीस लावा. जागा आहे, पाणी आहे, उत्साह तर आहेच. पण या पिकात लावणं सोपं असतं, दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी कापून, निवडून, जुड्या बांधून पोचवणं हेच खरं काम. आधी हिशेब बघा.

६० बाय ४० सेंटिमीटरच्या क्रेटमध्ये २० सेंटिमीटर अंतराने सहा ठोंब बसतात. वीस क्रेटचे १२०. एकदा कापलेला ठोंब पुन्हा कापण्याजोगा व्हायला चार आठवडे घेतो, म्हणून क्रेटचे पाच-पाचाचे चार गट करायचे आणि आठवड्याला एकच गट कापायचा. म्हणजे आठवड्याला तीस ठोंब. एका ठोंबाची २५ ग्रॅम पात धरली तर पाऊण किलो, त्यातला पाचवा भाग पिवळी टोकं आणि वाकडी पात म्हणून निवडण्यात जातो. उरले ६०० ग्रॅम, म्हणजे २५ ग्रॅमच्या २४ जुड्या. कापायला अर्धा तास, पण निवडून बांधायला दोन तास सहज जातात. पन्नास क्रेटला हेच पाच-सहा तास होतील आणि साठ जुड्या कुणाच्या गळ्यात मारायच्या हा प्रश्न उरेलच.

दुसरा हिशेब वजनाचा. क्रेट १२ सेंटिमीटरच भरायचा, त्यात साधारण २९ लिटर मिश्रण मावतं. पाणी प्यायलेला क्रेट ३० किलोच्या आसपास जातो. एकाला एक चिकटवून ठेवले तर चौरस मीटरला सव्वाशे किलो. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला दीडशे किलोच्या जवळपास भार धरतात, म्हणजे आपण आत आहोत, पण फार आत नाही. त्यातून आपली इमारत तीस वर्षांच्या पुढची. महापालिका कायद्याच्या ३५३ ब कलमाखाली तिचं स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. तो अहवाल सेक्रेटरींकडून मागून घ्या आणि गच्चीच्या स्लॅबबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. सोसायटीची परवानगी लेखी घ्या, तोंडी नको. स्टँड मधोमध न मांडता कडेने, भिंतीच्या ओळीवर मांडा आणि प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा ठेवा, नाहीतर वॉटरप्रूफिंगला खड्डे पडतील आणि वरच्या मजल्यावरचे आपल्याच दारात येतील.

स्टँड कमरेइतका, पाऊण मीटर उंच करून घ्या. आई, तुझ्या गुडघ्यांसाठी ही एकच अट मी सोडणार नाही. क्रेट आधी रिकामे मांडायचे आणि जागेवरच भरायचे. भरलेला क्रेट कुणीही उचलायचा नाही, बाबा.

आता कोणते चाइव्ह्ज. दोन प्रकार आहेत. एकाची पात गोल, सुईसारखी बारीक, आतून पोकळ. सूपवर, बटाट्यावर, ऑम्लेटवर बारीक चिरून घालतात ते हे. दुसऱ्याची पात चपटी, भरीव, चुरगळली की लसणाचा वास. हेच गार्लिक चाइव्ह, चायनीज आणि कोरियन स्वयंपाकातले. मणिपुरी लोकांत याला मरोई नाकुप्पी म्हणतात. गोल चाइव्हला १५ ते २५ अंश मानवतात. मुंबईत जानेवारीतही दुपारी तीसच्या घरात पारा असतो, त्यामुळे तो इथे डिसेंबर ते फेब्रुवारी कसाबसा तग धरतो आणि मार्चमध्ये मान टाकतो. हौस असेल तर दोन क्रेट लावा, त्याचं बी दिवाळीनंतर, रात्री गार व्हायला लागल्यावरच टाका. बाकीचे अठरा चपट्याचे. आणि विकताना दोन्हींची नावं स्पष्ट सांगायची. ज्या शेफला गोल हवाय त्याला चपटा दिला तर तो दुसऱ्यांदा फोन करणार नाही.

मिश्रण असं: चार भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, दाबलेल्या विटांत मिळतो), तीन भाग गांडूळखत, दोन भाग लाल माती, एक भाग जळकं भाताचं तूस. वीस क्रेटना पाच किलोच्या चार कोकोपीट विटा, गांडूळखताच्या ५० किलोच्या दोन गोण्या, लाल माती नऊ घमेली आणि तूस पाच घमेली पुरेल. क्रेटमागे १०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. कोकोपीट फुगवल्यावर दोनदा भरपूर पाण्यात भिजवून ते पाणी ओतून द्यायचं, त्यात क्षार असतात. कांद्याच्या जातीतल्या पिकांना क्षार अजिबात सोसत नाहीत, पातीची टोकं भाजल्यासारखी होतात. म्हणूनच आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी इथे घालायचं नाही. बाबा, तुम्ही ते बादलीत साठवता हे मला माहीत आहे. ते लादी पुसायला ठेवा.

क्रेटला आतून शेडनेटचं अस्तर लावा. जुनी साडी लावू नका, चार महिन्यांत कुजून माती खाली येते.

लागवड दोन्ही वाटांनी करा, म्हणजे पाच क्रेट तयार ठोंब फोडून आणि उरलेले बियांपासून. नर्सरीतून ठोंब घेताना एक पात चुरगळून वास घ्याच. रेन लिलीची पात चपट्या चाइव्हसारखीच दिसते, तिला लसणाचा वास नसतो आणि ती विषारी आहे. वास आला नाही तर पैसे द्यायचे नाहीत, फुकट मिळालं तरी घ्यायचं नाही. आणलेला ठोंब हलक्या हाताने मोकळा करून पाच ते आठ फुटव्यांचा एक असे भाग करा, मुळं आणि पात दोन्ही पाच-पाच सेंटिमीटर ठेवून छाटा आणि पूर्वी जितका खोल होता तितकाच खोल लावा. नवरात्रात लावले तर सहा ते आठ आठवड्यांत पहिली कापणी, म्हणजे नाताळच्या गर्दीआधी हाताशी माल.

बी दसऱ्याच्या आसपास टाका. पन्नास कप्प्यांचे दोन ट्रे, कप्प्यात बारा बिया, एक सेंटिमीटर खोल. दहा ग्रॅमचं एक पाकीट पुरतं. पाकिटावरची पॅकिंगची तारीख बघा, कांद्याच्या जातीचं बी वर्षभरात जीव सोडायला लागतं. शंका असेल तर वीस बिया ओल्या टिश्यू पेपरवर डब्यात ठेवा, दोन आठवड्यांत चौदा तरी फुटल्या तर पेरा. रोप वर येताना सरळ येत नाही, केसांच्या पिनेसारखं दुमडून येतं, टोक मातीतच अडकलेलं असतं. मदत म्हणून ते ओढून सरळ करायचं नाही, आपसूक सुटतं. या दिवसांत पाणी जास्त झालं तर रोप जमिनीलगत मऊ पडून आडवं होतं आणि एका रात्रीत अख्खा कप्पा जातो. पाणी सकाळीच, ट्रेच्या खालून. सहा ते आठ आठवड्यांनी, बोटभर उंच झालं की कप्प्यातला सगळा पुंजका एकत्र क्रेटमध्ये लावा. बारा बिया वेगवेगळ्या करत बसू नका, तो पुंजकाच पुढचा ठोंब. बियांपासूनच्या रोपांना संक्रांत होईपर्यंत हात लावायचा नाही. लवकर कापलं तर ठोंब वर्षभर अशक्त राहतो.

कापणीची चूक सगळेच करतात. पातीचा शेंडा छाटायचा नसतो. पात बुडातून वाढते, शेंडा कापला की कापलेली कड तपकिरी होते आणि ती पात कायमची बाद. ठोंब डाव्या मुठीत धरून मातीपासून तीन सेंटिमीटरवर सगळाच्या सगळा कापायचा, धारदार कात्रीने, सकाळी आठच्या आत. एका क्रेटवरून दुसऱ्यावर जाताना कात्री स्पिरिटने पुसायची. कापल्यावर दुसऱ्या दिवशी क्रेटला दोन मुठी गांडूळखत घालून पाणी. शेणाचं कुठलंही द्रावण पातीवर शिंपडायचं नाही, लोक ही पात कच्ची खातात.

पाणी रोज घड्याळ बघून घालू नका. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घाला, कोरडं लागलं तर घाला.

फेब्रुवारीपासून फुलकिडे येतात. पातीवर चंदेरी ओरखडे दिसले की ठोंबाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. तांदळाच्या कणीहून बारीक, पिवळसर, सरपटणारे दिसतील. ते पातीच्या बेचक्यात लपतात, म्हणून वरवरची फवारणी वाया जाते. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तो क्रेट बुडापासून कापून पात पिशवीत बांधून बाहेर टाकणं. नवी पात येताना लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन मिली पातळ साबण, संध्याकाळी, बेचक्यात मुरेल असं. फवारल्यावर आठवडाभर कापायचं नाही, वास राहतो. क्रेटांच्या मध्ये निळे चिकट सापळे लावा. नारिंगी पुटकुळ्या आल्या तर तांबेरा, तो रात्री ओली राहिलेली पात आणि दाटी यामुळे येतो. तीही पात कापून बाहेरच. आणि जिथे आई आलं-लसणाच्या कुंड्या ठेवते त्यातल्या लसणाची माती इथे वापरायची नाही, दोघांचे रोग एकच.

एप्रिल-मेमध्ये ५० टक्क्यांची शेडनेट आणि कापणी पाच-सहा आठवड्यांनी. पावसाळ्याची जास्त काळजी. सांताक्रूझला जून ते सप्टेंबरात सरासरी २,२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, क्रेटमधलं खत धुऊन जातं आणि बुडं कुजतात. जिन्याच्या छपराखाली मावतील तितके सरकवा (तेव्हा मात्र माणूस लावून), उरलेल्यांवर क्रेट तिरका ठेवून पारदर्शक प्लास्टिक. पावसाळ्याच्या शेवटी पांढऱ्या फुलांचे दांडे येतात. कळ्या असतानाच कापा, त्या कळ्यांनाही गिऱ्हाईक आहे. बी पडू दिलं तर शेजारच्यांच्या तुळशीतही चाइव्ह उगवेल.

माल धुवायचा नाही. धुतलेली पात दोन दिवसांत चिकट होते. ताटात पसरून निवडा, बुडं एका रेषेत करा, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर २५ ग्रॅम तोला, रबर सैल लावा. झाकणाच्या डब्यात किंचित ओलसर कागद, मग फ्रिज. डबा घट्ट हवा, नाहीतर आई, तुझ्या दुधाला आणि श्रीखंडाला लसणाचा वास लागेल आणि दोष माझ्यावर येईल. फ्रिजमध्ये आठवडा निघतो, तरी कापलेल्या दिवशीच द्यायचा प्रयत्न ठेवा.

२०१६ पासून महाराष्ट्रात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर आहे, तेव्हा वाशीला जायची गरज नाही, हॉटेलला थेट विकता येतं. एवढ्याशा मालाला वाशी परवडणारही नाही. आधी बोरिवली-कांदिवलीतली पॅन-एशियन हॉटेलं गाठा. दोन जुड्या नमुना म्हणून द्या. मंगळवार आणि शुक्रवार ठरवा, मंगळवारी दोन क्रेट, शुक्रवारी तीन, कारण शनिवार-रविवारचा खप मोठा. जायचं सकाळी अकराला किंवा दुपारी साडेतीनला, जेवणाच्या गर्दीत स्वयंपाकघरात कुणी ऐकत नाही. भाव किलोवर न बोलता जुडीवर बोला आणि पूर्ण हंगामासाठी एकच ठरवा. त्याआधी एकदा क्रॉफर्ड मार्केटच्या परदेशी भाज्यांच्या गाळ्यावर काय भाव चाललाय ते विचारून या. उधारी आठवड्याचीच. दुसऱ्या आठवड्याचे पैसे आले नाहीत तर तिसरा माल नाही, बाबा, समोरचा कितीही गोड बोलला तरी. कलिना-वाकोल्याकडे राहणारी ईशान्येकडची मंडळी घरासाठी घेतात, ती रोख देतात.

एका क्रेटवर मात्र प्रयोग करा. कापल्यावर ठोंबावर काळी बादली पालथी घाला, कडेखाली दोन विटांचे तुकडे, म्हणजे वारा खेळेल. दोन-तीन आठवड्यांत पात पिवळीधमक, कोवळी येते. चायनीज स्वयंपाकात तिला वेगळा मान आणि वेगळा भाव. पण त्या ठोंबाला पुढचे दोन-तीन महिने झाकायचं नाही, उजेडाशिवाय तो स्वतःचीच साठवण खाऊन जगलेला असतो.

शुक्रवारी उरलंच तर थालीपिठात घाला. वाळवू नका, वास उडतो.

मी रविवारी येते. बी, ट्रे आणि शेडनेट माझ्याकडून. कोकोपीट शनिवारी रात्री भिजत टाकून ठेवा.

तुमची,
मनू

ता. क. आई, बियांचं पाकीट फोडणीच्या डब्याजवळ ठेवू नकोस. हुबेहूब कलौंजी दिसते.