आज किती जेवणार? आमच्या शाळेच्या मावशींना पत्र

मावशी,

नमस्कार. हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. सगळं एका बैठकीत होणार नाही. जोडाक्षर आलं की ती थांबते, ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून बघते आणि मग मोठ्यानं म्हणते. तेवढं थांबा. पुढचा शब्द सांगू नका, रुसते. रोज दहा ओळी झाल्या तरी पुष्कळ. उन्हाळा मोठा आहे आणि आपल्या विदर्भातल्या शाळा जून संपत आला की मगच उघडतात.

पत्र घरी न देता असं चारचौघांत का लिहिलं तेही सांगते. एप्रिलअखेरीस मी पहिलीच्या वर्गाचा उपक्रम अहवाल पाठवला. मराठी भाषा गौरव दिन, विज्ञान दिन, नैसर्गिक रंग, परिसर भेट, पाडव्याची पटनोंदणी, शाळापूर्व तयारी मेळावा. प्रत्येकाखाली दोन-दोन फोटो. अहवालाचं कौतुक झालं, ग्रुपवर अंगठे आले. रात्री तेच फोटो पुन्हा बघत होते तेव्हा लक्षात आलं, एकाही फोटोत तुम्ही नाही. एकात फक्त तुमचा हात आहे, मनगटापर्यंत, पळसाचं पाणी ढवळताना. आणि ‘मार्गदर्शक’ या रकान्यात माझं नाव. कागदावर तुम्ही ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’, मानधन महिना २५०० रुपये. त्या अहवालात तुमच्यासाठी रकानाच नव्हता. म्हणून इथं लिहितेय.

मी कोल्हापूरकडची. नेमणूक गडचिरोलीत झाली तेव्हा आईनं आधी नकाशा बघितला आणि मग रडून घेतलं. इथं आले तेव्हा मला झाडं दोनच प्रकारची माहीत होती: आंबा, आणि आंबा नसलेली.

तुमचं शिकवणं सुरू झालं ते जानेवारीत, तेही माझ्या नकळत. हजेरी झाली की तुम्ही दारात येऊन विचारायचात, “आज किती जेवनार?” मी हजेरीपट बघून आकडा सांगायची आणि तुम्ही तांदूळ मोजायला जायचात. एक दिवस म्हणालात, “पोट्ट्यायलेच मोजू द्या ना, म्याडम.” तेव्हापासून पहिलीतले दोघं पाटी घेऊन चारही वर्ग फिरायला लागले. पट ५८. माणशी १०० ग्रॅम, म्हणजे ५ किलो ८०० ग्रॅम तांदूळ.

पहिल्याच दिवशी पाटीवर ८५ लिहून आलं. मुलांचं काय चुकलं? ‘अठ्ठावन्न’ म्हणताना आठ आधी येतो, म्हणून त्यांनी आठ आधी लिहिला. मी खोडरबर शोधत होते, आणि तुम्ही पाटीकडं बघून गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, “पंच्याऐंशी? मंग बाजूच्या गावचेबी जेवाले येनार का?” दोघंही परत पळाले. पुन्हा मोजलं, पुन्हा लिहिलं आणि या वेळी पाच आधी आला. मी हा आकडा फळ्यावर चार वेळा समजावून दिला असता तरी तो इतका पक्का बसला नसता, कारण माझ्या फळ्यावर चुकलेल्या आकड्याचा भात कुणाला शिजवावा लागत नाही. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. तेव्हा मीही हसले होते. पहिलीचा वर्ग हातात आल्यावर ते हसू बरंच कमी झालं.

मग फेब्रुवारी आला आणि शाळेमागचा पळस पेटला. २८ तारखेला विज्ञान दिन. सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली याच तारखेला त्यांचा शोध जाहीर केला, म्हणून हा दिवस. आता पहिलीच्या मुलांना प्रकाशाचं विकिरण काय सांगणार? मी रामन यांचा फोटो लावून, हार घालून, चार वाक्यं बोलून मोकळी होणार होते. तुम्ही सकाळीच ओटीत पळसाची फुलं घेऊन आलात. पोषण आहाराच्या भांड्याला हात लावायचा नाही म्हणून घरून स्वतःचा गंज, म्हणजे पातेलं, आणलात. फुलं उकळली, पाणी पिवळं झालं. मुलं बघत होती, पण खरं सांगायचं तर थोडी कंटाळलीही होती. मग तुम्ही कनवटीची डबी काढून चिमूटभर चुना टाकलात. पिवळ्याचा केशरी झाला, डोळ्यांदेखत. आधी कुणीच काही बोललं नाही आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. “अजून टाका!” “खडू टाकला तं?” “राख टाकली तं?” आम्ही खडू टाकला, राख टाकली, एकानं शेंगदाणा टाकला. काय झालं, काय नाही झालं ते मुलांनी चित्रात काढलं. प्रयोगाची वही म्हणतात ती हीच असणार. माझ्या पिवळ्या साडीवर तो केशरी डाग अजून आहे. होळी १३ मार्चला होती, आमची दोन आठवडे आधी झाली.

त्याच दिवशी माझी फजितीही झाली. संधी साधून मी म्हण शिकवायला घेतली, ‘पळसाला पाने तीनच’. सतरा मुलांना घेऊन झाडाखाली गेले. मुलांनी मान वर करून झाड नीट न्याहाळलं आणि एक जण म्हणाला, “म्याडम, एकबी नाही.” खरंच होतं. फुलांच्या दिवसांत पळस निष्पर्ण असतो, हे मला कुठं ठाऊक? तुम्ही लांबून हसत होतात. “चैतात या,” म्हणालात.

मार्चच्या मध्यापासून पाटीवरचा आकडा घसरायला लागला. ५८ वरून ५१, मग ४४, मग एका सोमवारी ३१. माझ्या सतरापैकी पाच आले होते. उन्हामुळं शाळा सकाळची झाली होती, सातची घंटा. हजेरीपटावर ‘गै’ लिहून लिहून हात दुखला आणि डोकंही तापलं. मी पालकांना बोलावून घेणार होते, चार शब्द सुनावणार होते. आमच्याकडं ऊसतोडीला आलेल्यांची मुलं हंगाम संपला की शाळेतून नाहीशी होतात, ते लहानपणी वर्गात बघितलंय, त्याचा राग असेल. तुम्ही मला थांबवलंत. “मोहा कोनासाठी थांबत नाही, म्याडम. एकदा येऊन पाहा.”

२३ मार्चच्या रविवारी पाचला तुमच्या मागं बॅटरी घेऊन आले. अंधारात आधी वास आला, गोडसर, जड. मग आवाज: टप्, थांबून टप् टप्, वाळल्या पानांवर. मोहाची फुलं वेचायला झाडाखालची जागा तुम्ही आदल्या दिवशीच झाडून ठेवली होतीत. काही जण पाला पेटवून देतात आणि मग आग जंगलात शिरते, हे तिथंच सांगितलंत. उजाडलं तशी फुलं दिसायला लागली, मोत्यासारखी, दुधी, रसानं फुगलेली. रात्रभर गळायची, आणि उशीर केला तर गुरं खाणार किंवा ऊन लागून माना टाकणार. म्हणजे त्यांचीही घंटा साधारण सातचीच.

तुमची नात उकिडवी बसून वेचत होती. वर्गात ही मुलगी विसाच्या पुढं गेली की गप्प व्हायची. मी महिनाभर तिच्यासमोर आइस्क्रीमच्या काड्यांचे दहाचे गठ्ठे बांधत होते, ती माझ्या तोंडाकडं बघायची. इथं तिनं उजव्या मुठीत पाच फुलं घेतली, डाव्या मुठीत पाच, टोपलीत टाकली आणि म्हणाली, “एक.” पुन्हा दोन्ही मुठी. “दोन.” मी मागं उभी राहून ऐकत होते. ती फुलं मोजत नव्हती, दशक मोजत होती. सतरापर्यंत गेली, मग भावाशी भांडण झालं आणि हिशेब विसरला.

हे लिहिताना मोह फार गोड करून सांगायचा नाही मला. अंधारात अस्वलाची भीती असते, म्हणून तुम्ही बायका जोरजोरात बोलत असता. चारला उठलेलं सहा वर्षांचं मूल नऊ वाजता बाकावर डोकं ठेवून झोपतं, आणि त्या दिवशीचं अक्षर गेलं ते गेलंच. लहानांना नेऊच नये असं माझं म्हणणं. घरी एकटं ठेवायचं कुणाजवळ, हे तुमचं. यावर आपलं जमलेलं नाही आणि पुढच्या मार्चमध्येही आपण भांडणार आहोत.

पण त्या सोमवारपासून तुम्ही जे केलंत, ते माझ्या कुठल्याच बैठकीनं झालं नसतं. चुलीसाठी तुम्ही साडेसहाला निघायचातच. आता मोहाच्या झाडांवरून वळसा घालून यायला लागलात. प्रत्येक झाडाखालून पहिली-दुसरीचं एकेक मूल उचललंत, हातपंपावर हातपाय धुऊन घेतलेत, आणि पावणेसातला फाटकातून तुमच्या मागं ही रांग, बदकांसारखी. कुणाच्या केसांत फूल, कुणाच्या खिशात फुलं. ३१ चे ३९ झाले, ४७ झाले, ५२ वर गेले. तुम्ही कुणाला बोल लावला नाहीत, आयांना फक्त एवढंच म्हणालात की भात जास्तीचा शिजतो, वाया जातो. मला हे सुचलं असतं का? मी नोटीस काढली असती.

खिशातली फुलं मात्र वर्गात आलीच. तुम्ही पळसाच्या जुन्या पानांचे द्रोण दिलेत आणि प्रत्येक द्रोणात दहा फुलं, हा आमचा दशक. सोमवारी द्रोण खिडकीत उन्हात ठेवले. गुरुवारी काढले तर फुलं लालसर तपकिरी होऊन आक्रसलेली, द्रोण अर्धा रिकामा. “आता किती?” मी विचारलं. सहा, पाच, “कमी झाले.” तुमच्या नातीनं द्रोण पुढं ओढला, एकेक फूल बाहेर काढून ओळीत मांडलं, दहा. पुन्हा आत टाकलं, पुन्हा काढलं. पुन्हा दहा. मग माझ्याकडं असं बघितलं, की जणू मीच काहीतरी हातचलाखी केली आहे. “सुकले, पन तेवढेच हाये,” ती म्हणाली. त्या दिवसानंतर ती विसाला थांबली नाही. पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंतचे अंक वाचता-लिहिता यावेत असं निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणन मोहिमेचं उद्दिष्ट सांगतं. ती तिथं पोचली ती त्याच द्रोणांच्या वाटेनं. (गणितपेटीत मुंग्या झाल्या, ते वेगळं.)

नेमकी त्याच आठवड्यात शाळेला भेट झाली. आलेल्या साहेबांनी द्रोण उचलला, वास घेतला आणि भुवया वर गेल्या. १९९३ पासून दारूबंदी असलेला जिल्हा आणि पहिलीच्या वर्गात मोहफूल! मला उत्तर सुचेना. तुम्ही दारातून म्हणालात, “साहेब, मोजाले आनले, गाळाले नाही.” साहेब हसले, आणि शेरेबुकात ‘परिसरातील साहित्याचा उत्तम वापर’ असं लिहून गेले. तोही शेरा माझ्याच नावावर जमा आहे.

पाडवा रविवारी आला. पटनोंदणीची फेरी झाली, गुढी झाली. एप्रिलच्या मेळाव्यात अंगणवाडीतून येणारी नऊ मुलं एकेका टेबलावरून फिरली. गणनपूर्व तयारीच्या टेबलावर तुमचेच तूर, वाल आणि चवळी मिसळून ठेवले होते, वेगळे करायला. त्यातल्या एकानं वाल नाकात घातला आणि तो तुम्हीच काढलात. याचाही फोटो नाही, ते बरंच झालं.

चैत्रात आम्ही परत पळसाखाली गेलो. कोवळी पानं फुटली होती, तळहाताला मऊ लागणारी. मधलं मोठं, बाजूला दोन. मुलांनी मोजून मोजून खात्री केली, एकानं तर सात फांद्या तपासल्या. शास्त्रानं ते तीन दलांचं एकच पान, पण हे मी पहिलीत सांगितलं नाही. एकदा फजिती झाली तेवढी पुरे.

मावशी, तुमचे आभार मानते ते या सगळ्यासाठी. गंजासाठी, चुन्याच्या डबीसाठी, मोहावरून घातलेल्या वळशासाठी. आणि मला सुनवायचं होतं तेव्हा गप्प बसवलंत, त्यासाठी सगळ्यात जास्त.

मार्चच्या मध्यानंतर पाटीवर ५८ एकदाही लागला नाही. ५७ लागला, दोनदा. जूनमध्ये चौथीची तेरा गेलेली असतील, पहिलीत नवी नऊ येतील, म्हणजे पट ५४. नातीला विचारा, ती हिशेब करून सांगेल. पहिल्या दिवशी पाटी तिच्याच हातात देणार आहे. दाराशी येऊन काय म्हणायचं तेही ठरवलंय, एकही जोडाक्षर नाही. शेवटची ओळ तिला अडखळायची नाही, आताच म्हणून घेऊ दे:

मावशी, आज सगळे आले. भात वाढा.

तुमच्या पहिलीच्या बाई