जुनी मोटार विकताना स्कॅनरचा अहवाल बंधनकारक करावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वापरलेल्या मोटारींच्या व्यवहारात कागदपत्रे जितक्या बारकाईने पाहिली जातात, त्याच्या निम्म्यानेही इंजिनाची प्रकृती पाहिली जात नाही, असा अनुभव मला गेल्या उन्हाळ्यात आला. हा अनुभव माझ्या एकट्याचा नसावा, म्हणून हे पत्र.

पुण्यातील जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून मी 2014 सालची, पेट्रोलवर चालणारी मोटार घेतली. आरसी, विमा, पीयूसी, आधीच्या मालकाने बँकेचे कर्ज फेडल्याचा दाखला, सारे काही जागच्या जागी होते. विक्रेत्याने आवाराभोवती दोन फेऱ्या मारू दिल्या आणि तेवढ्यात तरी गाडी अगदी गुणी वाटली. साताऱ्याला परतताना मात्र खंबाटकी घाटाच्या चढावर, भर दुपारच्या उन्हात, एकही आचका न देता तिचे इंजिन बंद पडले. ज्यांच्यावर असा प्रसंग आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, की इंजिन थांबल्यावर बहुतेक जुन्या गाड्यांचे स्टिअरिंग एकदम जड होते, आणि ब्रेकला हलकेपणा देणारी यंत्रणा इंजिनावरच अवलंबून असल्यामुळे दोन-तीनदा पाय दाबल्यानंतर ब्रेकही दगडासारखा कडक होतो. मागे भरलेला मालट्रक असताना चालू रस्त्यावर हे घडणे म्हणजे काय, ते मी लिहून सांगू शकणार नाही. चाकामागे दगड लावून आम्ही अर्धा-पाऊण तास थांबलो, आणि नंतर किल्ली फिरवताच काही घडलेच नाही अशा थाटात गाडी चालू झाली.

पुढचे पाच आठवडे असेच गेले. गॅरेजमध्ये नेली की गाडी शहाण्यासारखी वागायची आणि महामार्गावर तासभर चालली की बंद पडायची. पहिल्या ठिकाणी इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणाऱ्या थ्रॉटल बॉडीतला कार्बन साफ करून झाला, दुसऱ्या ठिकाणी टाकीतला पेट्रोलचा पंप बदलून झाला. कोणी अर्थिंगच्या तारा घासल्या, तर कोणी सगळे खापर इथेनॉलवर फोडले. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांचे मायलेज घटते आणि काही रबरी भाग बदलावे लागू शकतात हे सरकारनेही मान्य केलेले आहे, त्यामुळे ही शंका अगदीच अनाठायी नव्हती. पण दर वेळी तापल्यावरच उद्भवणारा आणि थंड झाल्यावर आपोआप नाहीसा होणारा दोष तपासणी न करता त्या खात्यावर टाकणे सोयीचे असले तरी बरोबर नव्हते.

शेवटी एका वयस्क मेस्त्रींनी गाडी बॉनेट लावून उन्हात चालूच ठेवली आणि ती बंद पडेपर्यंत ते शेजारी बसून राहिले. बंद पडताच त्यांनी स्टार्टर मारून स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडून त्यातील नोंदी वाचणाऱ्या यंत्रावर, इंजिनाचे फेरे पाहिले. इंजिन फिरत असूनही आकडा शून्य होता. याचा अर्थ क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनातील मुख्य फिरत्या दांड्याची, स्थिती सांगणारा सेन्सर मुका झाला होता, आणि तो संदेश मिळाला नाही तर ठिणगी केव्हा द्यायची व पेट्रोल केव्हा सोडायचे हे गाडीच्या संगणकाला कळतच नाही. या सेन्सरच्या आतील बारीक तार उष्णतेने प्रसरण पावून तुटक होते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते, त्यामुळे गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. सेन्सरची किंमत आधी झालेल्या खर्चापुढे अगदीच किरकोळ निघाली. परंतु तो काढताना दिसले, की त्याच्या जोडणीच्या तारा पूर्वी कोणीतरी कापून, पिळून, वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. म्हणजे हा आजार कोणाच्या तरी आधीच लक्षात आला होता.

माझी खरी तक्रार इथून सुरू होते. 2013 पासूनच्या मोटारींना जो निदानाचा सॉकेट असतो, त्यावर स्कॅनर लावला असता बहुतेक गाड्यांमध्ये संगणकाने नोंदवलेल्या दोषांचे सांकेतिक क्रमांक, म्हणजे कोड, दिसतात, आणि शेवटचे कोड पुसल्यानंतर गाडी किती किलोमीटर चालली हेही दिसते. गाडी घरी आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी साताऱ्यात स्कॅन केले तेव्हा हे अंतर 118 किलोमीटर होते, आणि विक्रेत्याच्या आवारापासून माझ्या घरापर्यंतचे अंतर त्याहून जेमतेम तीन-चार किलोमीटरने कमी आहे. म्हणजे कोड विक्रीच्या तोंडावरच पुसले गेले होते. दुरुस्ती करून मग कोड पुसले असतील तर त्यात गैर काही नाही. पण मग त्या दुरुस्तीची पावती मला दाखवायला हवी होती. मी फोनवर विचारले तेव्हा, ‘जुनी गाडी आहे, थोडंफार चालायचंच,’ एवढेच उत्तर मिळाले.

कायद्याकडे पाहावे तर हस्तांतरासाठी फॉर्म 29 आणि फॉर्म 30 भरावे लागतात, आणि दोन्हींत गाडीच्या स्थितीविषयी एक ओळही नाही. खासगी मोटारीची प्रत्यक्ष तपासणी परिवहन कार्यालयात होते ती पंधरा वर्षांनी, नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी. मधल्या काळात पीयूसी तेवढी असते, आणि ती दोन-चार मिनिटे संथ चालणाऱ्या इंजिनाचा धूर तपासते, त्यामुळे घाटात बंद पडणारी गाडी त्यात सहज उत्तीर्ण होते. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परिवहन विभागाचे अधिकारपत्र घेणे बंधनकारक झाले आणि ताब्यातील गाडी रस्त्यावर कशासाठी काढली, कोणी चालवली, किती किलोमीटर चालली याची नोंद त्यांना ठेवावी लागते. हा बदल स्वागतार्ह आहे. मात्र त्यातून मार्गी लागतो तो मालकीचा आणि जबाबदारीचा प्रश्न. ग्राहकाला गाडी सोपवताना तिच्यातील ज्ञात दोष लेखी सांगण्याची सक्ती त्यातही नाही.

म्हणून परिवहन विभागाला विनंती आहे, की अधिकृत विक्रेत्याने गाडी विकताना तारखेसह स्कॅनरचा अहवाल, त्यावर मीटरचे वाचन आणि कोड पुसल्यानंतरचे अंतर, तसेच आपल्या ताब्यात असताना केलेल्या दुरुस्तीच्या पावत्या ग्राहकाला देणे सक्तीचे करावे. हस्तांतराच्या अर्जात मीटरचे वाचन लिहिण्यासाठी एक रकाना वाढवला, तर मीटर मागे फिरवणाऱ्यांनाही पुढच्या विक्रीच्या वेळी अडचण येईल. स्कॅनर आज गल्लीतल्या गॅरेजमध्येही असतो आणि अहवाल काढायला पाव तासही लागत नाही, त्यामुळे व्यवसायावर बोजा पडेल ही सबब टिकणारी नाही. केवळ अहवालाने सगळे दोष उघड होतील असेही नाही. माझ्या गाडीतील सेन्सरने तर शेवटपर्यंत एकही कोड नोंदवला नव्हता. पण 118 हा आकडा व्यवहाराच्या आधी समोर असता, तर मी गाडी आवाराभोवती फिरवण्याऐवजी कात्रजचा घाट चढवून आणण्याचा आग्रह नक्की धरला असता.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा