मनातून येईपर्यंत थांबू नकोस

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम.

मित्राला तू चारचौघांत खोटारडा म्हणालास आणि आता माफी मागायला जायचं नाही म्हणतोस, ते तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मलाही तुझ्या मित्राचा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना मात्र तुझ्या एका वाक्यापाशी अडले. ‘न जाण्याबद्दल प्रार्थना केली तेव्हा मनात शांती वाटली, म्हणजे प्रभूचीही तीच इच्छा असेल.’ या वाक्याने मला रात्री झोप लागू दिली नाही, म्हणून उत्तर लांबलचक होतंय.

योना संदेष्ट्याची गोष्ट तुला लहानपणापासून पाठ आहे. पण आपण सगळे त्याला गिळणारा मासा आला की जागे होतो, त्याच्या आधीचं घाईने वाचतो. देवाने सांगितलं निनवेला जा, आणि हा उलट्या दिशेने तार्शीशला निघाला. याफा बंदरात पोचतो तर जहाज तयार. खिशात भाड्याचे पैसे तयार. आपल्या मंडळीत असं काही जुळून आलं की आपण लगेच म्हणतो, ‘प्रभूने दार उघडलं.’ पुढे समुद्रात वादळ उठलं, खलाशी आपापल्या देवांचा धावा करत सामान पाण्यात फेकत होते, आणि योना जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. गाढ! सांग बरं, त्या जहाजावर सगळ्यांत शांत माणूस कोण होता? देवापासून पळणारा.

आता गेथशेमाने बाग आठव, प्रभूला धरून नेलं ती रात्र. तिथे प्रभू येशू पित्याच्या इच्छेच्या अगदी मधोमध होता आणि त्याचा जीव मरणप्राय खिन्न झाला होता. शुभवर्तमानात लूक लिहितो, घाम रक्ताच्या मोठमोठ्या थेंबांसारखा भुईवर पडत होता. दुःखाचा हा प्याला दूर कर, असं तो खरंच म्हणाला, आणि मत्तय सांगतो की तीच प्रार्थना त्याने तीनदा केली. ‘तथापि माझ्या इच्छेप्रमाणे नको तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ हे शब्द त्याच तोंडून, त्याच रात्री निघाले. आधी शांत वाटलं आणि मग तो उठला, असं तिथे कुठेच नाही.

तू प्रेषित पौलाच्या कलस्सैकरांस पत्रातलं वचन पाठवलंस, ख्रिस्ताची शांती तुमच्या अंतःकरणात राज्य करो. वचन खरंच आहे. पण त्याच्या आधीच्या ओळी वाचल्यास का? एकमेकांचं सहन करा, कोणाविरुद्ध गाऱ्हाणं असेल तर क्षमा करा, प्रभूने तुम्हांला क्षमा केली तशी. आणि त्याच वाक्यात पुढे, एका शरीरात तुम्हांला पाचारण झालं आहे ते याच शांतीसाठी. पौल तिथे मंडळीत एकमेकांशी बिनसलेल्या माणसांशी बोलतोय. ती शांती दोघांच्या मधली आहे रे. एकट्याने दार लावून बसल्यावर मिळणारा निवांतपणा वेगळा. तोही हवाच असतो, मला विचार. पण त्याला प्रभूची सही समजू नकोस.

आता ढोंगाचं. ‘मनातून वाटत नसताना माफी मागितली तर ते ढोंग होईल.’ हे प्रामाणिक आहे, म्हणून यावर रागावत नाही. पण प्रभूने ज्यांना ढोंगी म्हटलं ते लोकांनी पाहावं म्हणून दान देत होते, चौकात उभे राहून प्रार्थना करत होते. नकोसं वाटत असूनही सांगितलेलं काम करणाऱ्याला त्याने ढोंगी म्हटल्याचं मला तरी कुठे सापडत नाही. उलट दोन मुलांचा दाखला बघ. बापाने द्राक्षमळ्यात जायला सांगितलं. एक म्हणाला, जात नाही. नंतर त्याला पस्तावा झाला आणि तो गेला. दुसरा म्हणाला, जातो महाराज, आणि गेलाच नाही. दिवसभर राबताना पहिल्याच्या मनात आनंद होता की कुरकुर, याचा उल्लेखही नाही. बापाची इच्छा कोणी पूर्ण केली, एवढंच प्रभूने विचारलं.

आणि ते टक्के. ऐंशी टक्के चूक त्याची, वीस तुझी. असेलही, मी तिथे नव्हते. पण मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू म्हणतो, तू वेदीजवळ अर्पण आणलंस आणि तिथे तुला आठवलं की ‘तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे’. त्याच्या मनात! तुझ्या मनात काय आहे हे त्या वचनात विचारलेलंच नाही. अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे ऐकणारे बहुतेक गालीलातले, आणि वेदी यरुशलेमच्या मंदिरात, शंभर किलोमीटरहून लांब. काही दिवस चालून पोचलेला माणूस अर्पण तसंच सोडून परत घरी निघतो, भावाला भेटतो, आणि पुन्हा तीच वाट तुडवतो! एवढ्या वाटेवर त्याचा राग किती वेळा उफाळून आला असेल, याचा मी पुष्कळदा विचार केलाय.

कारण मी ते चालले आहे. तुला माहीत नाही, पण तुझी मावशी आणि मी साडेचार वर्षं बोलत नव्हतो. आजीच्या वस्तूंच्या वाटणीवरून. तू लहान होतास, तुला वाटायचं मावशी लांब राहते म्हणून येत नाही. मी रोज प्रार्थना करायचे, ‘प्रभू, माझं मन बदल, मग जाईन.’ साडेचार वर्षं ही प्रार्थना केली. ती ऐकायला भक्तीची वाटते, पण खरं म्हणजे ती न जाण्याची उत्तम सोय होती. एका रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घेताना हात पुढे होईना. त्याच संध्याकाळी गेले. मन अजिबात बदललं नव्हतं. पाठ केलेली दोन वाक्यं बोलले. तिने पाण्याचा ग्लास पुढे ठेवला आणि म्हणाली, ‘बरं.’ एवढंच. परत येताना मी निम्म्या वाटेत पुन्हा चिडले होते. प्रेम वगैरे पुष्कळ नंतर आलं, तेही हप्त्याहप्त्याने.

म्हणून तुझा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो देवासमोर बोल, हवा तसा बोल. स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही, आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे. रागाला प्रभूजवळ बसायला जागा आहे. फक्त कुठे जायचं ते रागाने ठरवायचं नाही.

एक मात्र नीट ऐक. मी सांगते म्हणून जाऊ नकोस. ‘देवाने मला तुझ्याबद्दल दाखवलं’ असं म्हणून दुसऱ्याला दामटवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यांत माझी भर नको. बिरुया गावातल्या लोकांनी पौलाचं बोलणंसुद्धा शास्त्राशी ताडून पाहिलं होतं, मग आईचं का सोडावं? वर लिहिलेले अध्याय स्वतः उघडून बघ. आणि समोरचा माणूस इजा करणारा असता तर मी हे पत्र वेगळं लिहिलं असतं. इथे तसं काही नाही. इथे तू चारचौघांत त्याला खोटारडा म्हणालास, आणि तो तेवढ्यापुरता तरी खोटारडा नव्हता, हे तूच लिहिलं आहेस.

गेलास तर वाक्य लहान ठेव. ‘मी सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं.’ त्यापुढे ‘पण’ लावू नकोस. त्याने काय केलं ते त्या दिवशी काढू नकोस, त्याला वेगळा दिवस आहे. तो हसेल, गप्प बसेल किंवा ऐंशी टक्के तुझ्याच माथी मारेल. काहीही होऊ शकतं.

जाण्याआधी मला फोन करू नकोस, आपण बोलत बसू आणि तुझी वेळ टळेल. आल्यावर कर.

तुझी,
आई

ता. क. मावशीला विचारूनच तिची गोष्ट लिहिली. ती म्हणते, ‘तो ग्लास मी आपटला होता, तेही लिही.’