सोलापूरच्या पेठांची वाट पाहुण्यांना कोण दाखवणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूर या तिन्ही क्षेत्रांकडे जाणारा भाविक सोलापुरात उतरतो, एखादा मुक्काम करतो आणि परतीच्या गाडीपूर्वी हाती असलेल्या तीन-चार तासांत बाजार करावा म्हणून बाहेर पडतो. फेब्रुवारी 2023 मध्ये मुंबई-सोलापूर वंदे भारत एक्सप्रेस सुरू झाल्यापासून अशा पाहुण्यांची ये-जा अधिकच सोयीची झाली आहे. मात्र या शहरात कोणती वस्तू कोणत्या पेठेत घ्यावी, हे त्यांना सांगणारा एकही फलक रेल्वे स्थानकाबाहेर किंवा एसटी स्थानकाच्या आवारात माझ्या पाहण्यात नाही. मग लॉजवरचा माणूस किंवा रिक्षावाला सांगेल ते एखादे दुकान, नाहीतर महामार्गालगत ‘सोलापुरी चादर’ अशी मोठी पाटी लावलेले ठिकाण, एवढ्यावरच त्यांचा सोलापूरचा बाजार संपतो. या प्रश्नाकडे महापालिकेचे, व्यापारी बांधवांचे आणि आपल्या वाचकांचे लक्ष वेधावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे माहेर शुक्रवार पेठेतले आणि सध्याचे वास्तव्य जुळे सोलापुरातले, त्यामुळे जुन्या आणि नव्या अशा दोन्ही सोलापूरच्या बाजाराशी माझा रोजचा संबंध आहे. 2011 च्या जनगणनेनुसार साडेनऊ लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या या शहरात सगळे एका छताखाली मिळण्याची रीत कधीच नव्हती. इथे प्रत्येक मालाची आपापली जागा ठरलेली आहे. ती ज्याला ठाऊक आहे त्याचे पैसेही वाचतात आणि पायपीटही वाचते, आणि ज्याला ठाऊक नाही तो नवी पेठेत एक फेरी मारून ‘सोलापुरात काही विशेष नाही’ असे म्हणत निघून जातो. नवी पेठ ही आपली सर्वांत गजबजलेली बाजारपेठ आहे, यात शंका नाही. तयार कपडे, चपला-बूट, बॅगा, मोबाइलचे साहित्य, कॉलेजच्या मुलामुलींना लागणारे सारे काही तिथे आहे. परंतु तशी बाजारपेठ थोड्याफार फरकाने कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी असते. सोलापूरचे म्हणून जे आहे ते तिथून पुढे, जुन्या गावठाणात आणि पूर्व भागात शिरल्यावर भेटते.

लग्नाचा बस्ता बांधायचा असेल तर पाय चाटी गल्लीकडे आणि फलटण गल्लीकडे वळतात. केवळ सोलापूरच नव्हे, तर मोहोळ, मंगळवेढा, नळदुर्ग आणि सीमेपलीकडची इंडी, अफजलपूर, आळंद या भागांतली कुटुंबेही कापडासाठी सोलापूर गाठतात. इथली खरेदी आजही गादीवर बसून होते. दुकानदार आधी लग्न कुठल्या गावचे, मुलाकडचे की मुलीकडचे, मानपानाच्या साड्या किती आणि जवळच्या नात्यातल्या किती, हे विचारून घेतो आणि मगच घड्या मोडायला सुरुवात करतो. नवरीचा शालू, करवलीची साडी, मामाचा आहेर, देण्याघेण्याचे टॉवेल-टोपी असे सगळे एकाच बैठकीत निघते. चार पिढ्यांच्या बायका एका गादीवर बसून पदर उलगडून पाहत असतात आणि शेवटचा शब्द बहुधा आजीचा असतो. समोरचा विक्रेता एका गिऱ्हाइकाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडात आणि तिसऱ्याशी तेलुगूत बोलतो, आणि कुणालाही परके वाटू देत नाही. हा अनुभव मोबाइलवरून साडी मागवणाऱ्या आजच्या मुलींनाही एकदा द्यावा असे मला मनापासून वाटते, कारण कापड हातात घेतल्याशिवाय त्याचा पोत कळत नाही.

त्याच गावठाणात मधला मारुतीचा परिसर सणासुदीच्या सामानासाठी आणि सराफ कट्टा सोन्याचांदीसाठी प्रसिद्ध आहे. याविषयी सोलापूरकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. राखीपासून रंगपंचमीपर्यंत जो सण असेल त्याचे साहित्य मधला मारुतीजवळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मांडलेले दिसते, एवढे बाहेरच्यांसाठी नमूद करते.

ज्या मालासाठी सोलापूरचे नाव देशभर घेतले जाते त्या चादरीविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण फसवणूक सर्वाधिक होते ती तिथेच. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्ही उत्पादनांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. देशात या कायद्याखाली अगदी सुरुवातीला ज्या वस्तूंची नोंद झाली त्यांत या दोन्हींचा समावेश आहे. याचा अर्थ असा की सोलापूरच्या ठरलेल्या क्षेत्राबाहेर तयार झालेल्या चादरीला ‘सोलापुरी’ म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. असे असूनही पानिपतसारख्या ठिकाणाहून आलेला स्वस्त माल ‘सोलापुरी चादर’ या नावाने सर्रास विकला जातो, आणि दुःखाची गोष्ट म्हणजे तो खुद्द सोलापूरच्या वेशीवरही विकला जातो. आमच्याकडे नाशिकहून आलेल्या नातलगांनी परतीच्या वाटेवर एका दुकानातून चार चादरी घेतल्या. दोन धुण्यांत त्यांचा रंग गेला आणि सूत गोळा झाले. त्यांनी फोनवर जे बोलून दाखवले त्यात दुकानाचे नाव नव्हते, ‘तुमच्या सोलापूरची चादर’ असेच शब्द होते. ते ऐकताना, या शहरात मागावर आयुष्य घालवलेल्या हजारो माणसांच्या कष्टांना उणेपणा आल्यासारखे मला वाटले.

खरी चादर ओळखणे अवघड नाही, फक्त ते कोणीतरी सांगावे लागते. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली सुती चादर दोन्ही बाजूंनी पाहावी. नक्षी दोन्हीकडे उमटलेली असते आणि रंग उलटे असतात, म्हणजे वरच्या बाजूला तांबड्यावर पांढरे फूल असेल तर खालच्या बाजूला पांढऱ्यावर तांबडे दिसते. नुसत्या छापलेल्या चादरीची मागची बाजू फिकट असते, तिथेच फरक कळतो. चादर हातावर घेऊन तिचे वजन पाहावे, बोटांच्या चिमटीत धरून विणीचा घट्टपणा पाहावा आणि उत्पादकाचे नाव कापडातच विणलेले आहे का हे तपासावे, कारण शिवलेली किंवा चिकटवलेली चिठ्ठी कोणीही लावू शकतो. अशी चादर घ्यायची तर साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक या पूर्व भागात जावे. पिढ्यान्पिढ्या विणकाम करणाऱ्या पद्मशाली समाजाची वस्ती इथे आहे, आणि अनेक गल्ल्यांतून यंत्रमागांची खटखट अजूनही कानावर पडते. ज्याच्याकडून माल घ्यायचा त्याला धाग्याचे, रंगाचे आणि मागाचे प्रश्न विचारता येतात, आणि तो उत्तर देतो. एकेकाळी या शहरातल्या कापड गिरण्यांचे भोंगे ऐकून माणसे घड्याळ लावत. त्या गिरण्या गेल्या, पण विणण्याची विद्या पूर्व भागातल्या घराघरांत शिल्लक आहे आणि गिऱ्हाईक तिथपर्यंत पोहोचले तरच ती पुढेही टिकेल.

चादरीखालोखाल पाहुण्यांची चौकशी असते ती शेंगा चटणी आणि कडक भाकरीची. इथेही जाणकाराच्या सल्ल्याची गरज आहे. सोलापुरी शेंगा चटणी कुटावी लागते, मिक्सरमधून फिरवून चालत नाही. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे आणि मीठ उखळात एकत्र कुटत गेले की दाण्यांना तेल सुटते आणि चटणी मुठीत दाबली तर तिचा गोळा होतो. जी चटणी कोरड्या कुटासारखी सुटी राहते ती नाव काहीही लावले तरी दाण्याचे कूटच म्हणायची. ज्वारी-बाजरीची पातळ, खडखडीत वाळवलेली कडक भाकरी प्रवासात आणि परगावी शिकणाऱ्या मुलांच्या डब्यात अनेक दिवस टिकते. बाळीवेस, टिळक चौक आणि नवी पेठ या भागांत हे दोन्ही पदार्थ मिळतात. शिवाय कितीतरी महिला बचत गट आणि घरोघरच्या स्त्रिया ते उत्तम करतात, मात्र त्यांना बसायला ठरावीक जागा नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि सोलापूरच्या डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तो माल अस्सल स्वरूपात कोठे मिळेल, हे स्थानकावर उतरलेल्या पाहुण्याला कोण सांगणार, हा प्रश्न तसाच राहतो.

काही बाजार जागेपेक्षा वेळेशी बांधलेले आहेत. रमजानच्या महिन्यात विजापूर वेशीतला मीना बाजार रात्री उशिरापर्यंत फुललेला असतो. शेवया, सुकामेवा, अत्तर, बांगड्या आणि मुलांचे कपडे घेण्यासाठी तिथे सर्व धर्मांची माणसे जातात. मकर संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेनिमित्त होम मैदानावर गड्डा, म्हणजे जत्रेचा बाजार, भरतो आणि पाळण्यांच्या जोडीने संसारोपयोगी वस्तूंची दुकाने लागतात. लक्ष्मी मंडईत ताजी भाजी हवी असेल तर सकाळीच गेलेले बरे.

आता जुळे सोलापूर, आसरा, सैफुल, विजापूर रस्ता या नव्या भागांविषयी. मोठी वातानुकूलित दालने आणि महिन्याचा किराणा एका फेरीत देणारी दुकाने तिथे झाली आहेत आणि आम्ही तिथले रहिवासी त्यांचा लाभ घेतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. नोकरी करणाऱ्या जोडप्याला आठवड्याच्या सुट्टीत सगळ्या पेठा पालथ्या घालणे शक्य नसते. परंतु या दालनांना वाहनतळ आहे, पिण्याचे पाणी आहे, स्वच्छतागृह आहे आणि जुन्या पेठांत यांपैकी काहीही नीट नाही, म्हणून गिऱ्हाईक वळत असेल, तर तो मालाचा किंवा भावाचा पराभव नव्हे. चाटी गल्लीत बस्ता बांधायला आलेल्या परगावच्या स्त्रिया पाच-सहा तास दुकानात असतात. लहान मुले आणि वृद्ध सासू बरोबर असतात, आणि स्वच्छतागृहाची चौकशी केली की दुकानदाराच्या ओळखीच्या एखाद्या घराकडे बोट दाखवले जाते. पुष्कळ स्त्रिया या भीतीने दिवसभर पाणीच पीत नाहीत. ही गोष्ट कोणी उघड बोलत नाही, म्हणून ती इथे स्पष्ट लिहीत आहे.

शहराजवळच्या कुंभारी येथील रे नगर या वसाहतीतील कामगारांचाही विचार व्हायला हवा. जानेवारी 2024 मध्ये तिथल्या 15 हजार घरांचे हस्तांतरण झाले. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या स्त्रिया यांना हक्काचे घर मिळाले, ही आनंदाची बाब आहे. परंतु पूर्व भागातून तिकडे गेलेल्या कुटुंबाला कालपर्यंत चालत जाऊन होणारा बाजार आता रिक्षाभाडे मोजून करावा लागतो. तीच अडचण विजापूर रस्त्यापलीकडच्या ज्येष्ठ नागरिकांची आहे. शहर बस पुरेशी नसल्यामुळे जुनी पेठ जवळ असूनही लांब झाली आहे.

यासाठी फार मोठ्या खर्चाची योजना लागेल असे मला वाटत नाही. रेल्वे स्थानक, एसटी स्थानक, विमानतळ आणि सिद्धेश्वर मंदिराचे प्रवेशद्वार या ठिकाणी मराठी, कन्नड, तेलुगू आणि हिंदी भाषांत बाजारपेठांचा मोठा नकाशा लावावा. त्यावर कोणत्या पेठेत कोणता माल मिळतो, तिथवर पायी किती अंतर आहे आणि दुकाने कोणत्या वारी बंद असतात, हे नोंदवावे. भौगोलिक मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते असलेल्या चादर-टॉवेल उत्पादकांची यादीही त्याच फलकावर असावी. चाटी गल्ली, मधला मारुती आणि नवी पेठ या तिन्ही ठिकाणी स्त्रियांसाठी पाण्याची सोय असलेले आणि राखणीला माणूस असलेले स्वच्छतागृह दिवाळीच्या गर्दीपूर्वी सुरू व्हावे. त्याच्या देखभालीचा काही भार व्यापारी संघटना उचलू शकतील, कारण त्याचा पहिला लाभ त्यांनाच आहे. वाहने होम मैदानाच्या बाजूला ठेवून तिथून स्थानक, नवी पेठ, मधला मारुती, कन्ना चौक अशी फिरणारी एक छोटी बस ठरावीक वेळाने सोडली तर रिक्षांची कोंडीही कमी होईल. रस्त्याकडेला बसणाऱ्या विक्रेत्यांना हुसकावून जागा मोकळी करण्याचा सोपा मार्ग मात्र कोणी सुचवू नये. 2014 च्या पथविक्रेता अधिनियमाने त्यांना संरक्षण दिले आहे आणि मधला मारुतीचा सणाचा बाजार त्यांच्याच जिवावर उभा आहे. जागा आखून देताना कडक भाकरी आणि चटणी विकणाऱ्या बचत गटांसाठी स्थानकाबाहेर चार ओटे राखून ठेवावेत, ही माझी विशेष विनंती आहे.

महापालिकेने यांपैकी निदान नकाशाचे फलक आणि स्त्रियांची स्वच्छतागृहे ही दोन कामे येत्या लग्नसराईपूर्वी हाती घ्यावीत, आणि आपल्या वृत्तपत्राने त्यांचा पाठपुरावा करावा, अशी कळकळीची विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
जुळे सोलापूर